शेवटचा यशस्वी कॉल



आज स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दिवाणखान्यातल्या टीव्हीखालच्या एका पेटीबद्दल लिहिते आहे. टीव्हीवरचे कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड करून ठेवणारी 'टिवो' नावाची ही पेटी १९९९ मध्ये अमेरिकेत निघाली. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी ती पाहिली असेल. माझ्या थोरल्या लेकीकडे न्यू जर्सीला ती होती आणि २००६ मध्ये तिच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने तिकडे राहिले, तेव्हा माझी तिच्याशी चांगलीच ओळख झाली.

या पेटीचा इतिहास सांगताना लोक डिस्क किती मोठी झाली, चित्र किती स्वच्छ झालं हे सांगतात. मला तो तिच्या मागच्या तारेकडून सांगावासा वाटतो. पेटी स्वतः बिघडली असं फार कमी वेळा व्हायचं. बिघडायची ती तिची बाहेरच्या जगाशी असलेली जोडणी. दर चार-पाच वर्षांनी त्या जोडणीची तऱ्हा बदलली, आणि प्रत्येक वेळी ती सांभाळायचं नवं काम घरातल्याच कुणाच्या तरी अंगावर पडलं. कंपनीच्या हिशोबात ही मेहनत कुठेच दिसत नाही. म्हणून तिची नोंद आपण करू.

आधी थोडं मागे जाऊ. घरच्या घरी टीव्ही रेकॉर्ड करायची सोय सोनीच्या बीटामॅक्सने १९७५ मध्ये आणली. त्यावर सिनेमा कंपन्यांनी दावा लावला. शेवटी १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, कार्यक्रम नंतर सवडीने पाहण्यासाठी घरात रेकॉर्ड करून ठेवणं कायद्याला धरून आहे. आठ वाजताची मालिका आठलाच पाहिली पाहिजे, ही सक्ती त्या दिवशी कायद्यानेही संपली. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सोय काय आहे, ते वेगळं सांगायला नको.

त्या व्हीसीआरला बाहेरून काहीच लागत नव्हतं. अँटेनाची वायर, विजेचा प्लग आणि बरोबर लावलेलं घड्याळ एवढं पुरायचं. घड्याळ लावायचा कंटाळा केला तर १२:०० हा आकडा लुकलुकत राहायचा आणि ठरलेल्या वेळेचं रेकॉर्डिंग व्हायचं नाही. म्हणजे व्हीसीआरचा दोष शोधायला घराबाहेर जावं लागत नव्हतं. टेप, घड्याळ, वायर, यातलंच काहीतरी निघायचं.

टिवो काढणारे जिम बार्टन आणि माइक रॅम्से हे दोघे सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीतले. १९९७ मध्ये त्यांनी 'टेलिवर्ल्ड' नावाने धंदा सुरू केला. मूळ विचार होता घरातल्या सगळ्या उपकरणांना जोडणारा एक घरगुती सर्व्हर करायचा. तो मागे पडला आणि त्यातून हा रेकॉर्डर निघाला. पहिली पेटी ३१ मार्च १९९९ ला कारखान्यातून बाहेर पडली. गंमत बघा, घरभर जाळं पसरायचं स्वप्न घेऊन सुरू झालेल्या कंपनीच्या पहिल्या पेटीला जाळ्याची वायर लावायला साधं भोकही नव्हतं! मागे होतं ते फोनची वायर लावायचं भोक.

ही पेटी व्हीसीआरपेक्षा हुशार होती, कारण तिला कार्यक्रमाचं नाव कळायचं. 'अमुक मालिका दर वेळी रेकॉर्ड कर' एवढं सांगितलं की वेळ बदलली तरी ती शोधून रेकॉर्ड करायची. पण नावं कळायला वेळापत्रक लागतं आणि ते कंपनीकडून यायचं. पेटी रोज एकदा, बहुधा रात्री, घरच्या फोनवरून गावातलाच एक नंबर लावायची आणि पुढच्या सुमारे दोन आठवड्यांचं वेळापत्रक उतरवून घ्यायची. या सेवेचे पैसे वेगळे: महिन्याला ९.९५ डॉलर किंवा एकदाच १९९ डॉलर 'आयुष्यभरासाठी'. या आयुष्यभराकडे शेवटी परत येऊ. ते आयुष्य पेटीचं होतं, मालकाचं नव्हे.

दोन आठवड्यांचा साठा ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. आज फोनची वायर निघाली तर उद्या काहीच बिघडत नाही. पेटी चालत राहते, रेकॉर्डिंग होत राहतं. मग बारा-चौदा दिवसांनी, सगळे विसरलेले असताना, वेळापत्रक संपतं आणि पेटी गप्प होते. पिठाचा डबा भरलेला असेपर्यंत गिरणी बंद असल्याचं कुठे कळतं?

फोनच्या त्या काळातले बिघाडही फोनचेच होते. कॉल चालू असताना दुसरा कॉल आला की कॉल वेटिंगचा 'टूं' आवाज व्हायचा आणि मोडेमचं बोलणं तुटायचं. त्यावर उपाय म्हणजे नंबराच्या आधी स्टार ७० लावायचं, त्या कॉलपुरतं कॉल वेटिंग बंद. पुढे त्याच तारेवरून डीएसएल इंटरनेट आलं तेव्हा तारेत खरखर आली. मग पेटीच्या आणि भिंतीतल्या सॉकेटच्या मध्ये एक छोटा फिल्टर लावावा लागायचा. कुणी रात्री उशिरापर्यंत फोनवर बोलत राहिलं तर पेटी बिचारी वाट बघायची. फोन एक आणि गिऱ्हाइकं दोन.

जोडणीसाठी भोक नाही म्हणून हात जोडून बसणारे सगळेच नव्हते. ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू ट्रिजेल हे मोठे प्रोग्रामर, सांबा आणि आरसिंक ही त्यांची कामं संगणकवाल्यांना माहीत आहेत. अमेरिकेतली टिवोची पेटी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर चालवून दाखवली. पेटीच्या आतल्या पाटीवर न वापरलेली एक जोडणी होती, तिथे नेटवर्क कार्ड बसवायची युक्ती त्यांनी काढली. तिचं नाव 'टिवोनेट'. पेटी लिनक्सवर चालत असल्यामुळे अशा हौशी लोकांना आत काय चाललंय ते वाचता येत होतं. कंपनीने दार द्यायच्या आधी गिऱ्हाइकांनी भिंतीला दार पाडलं, असं म्हणायला हरकत नाही.

२००२ मध्ये दुसऱ्या पिढीची पेटी आली. तिच्या मागे यूएसबीची दोन भोकं होती. त्यात एक छोटा अॅडॅप्टर लावला आणि त्याला नेटवर्कची वायर जोडली की फोनची गरज उरत नव्हती. पण सुरुवातीला ही सोय गाजावाजा न करता दिलेली होती. डायल करायच्या नंबराच्या आधीच्या रकान्यात स्वल्पविराम, मग हॅश, मग ४०१ असं भरलं की पेटीला कळायचं, आता फोन लावायचा नाही, अॅडॅप्टरमधून जायचं. माहितगार लोक हा आकडा एकमेकांना सांगायचे, लोणच्याचं प्रमाण सांगावं तसं.

एप्रिल २००३ मध्ये कंपनीने 'होम मीडिया ऑप्शन' म्हणून ९९ डॉलरची जादा सोय विकायला काढली. घरात दोन पेट्या असतील तर एकीवरचा कार्यक्रम दुसरीवर पाहता येई, संगणकातली गाणी आणि फोटो टीव्हीवर दिसत. २००४ मध्ये ती फुकट झाली. इथून घरातल्या जाळ्याला खरा भाव आला. आतापर्यंत पेटीला दिवसातून एकदाच बाहेर जायचं होतं. आता तिला घरातल्या घरात शेजारणीशीही बोलायचं होतं.

आता लेकीच्या घरी येते. २००६ च्या उन्हाळ्यात नात झाली. लेक रात्री दोन-तीन वाजता बाळाला मांडीवर घेऊन बसायची. आवाज अगदी बारीक करून रेकॉर्ड केलेलं काहीतरी लावायची. घरात सगळे झोपलेले, बाहेर परका देश. अशा वेळी ती पेटी तिला सोबत होती. एके दिवशी नवीन काहीच रेकॉर्ड झालेलं नाही असं तिच्या लक्षात आलं. पुढच्या दिवशीही नाही.

"आई, पेटी जुनी झाली. नवीन घ्यावी लागेल बहुतेक," ती म्हणाली.

जावईबापूंनी सेटिंगचं पान उघडलं. त्यात एक ओळ मला फार आवडली: 'शेवटचा यशस्वी कॉल', आणि पुढे तारीख. खाली दुसरी ओळ होती, 'कार्यक्रमांची माहिती अमुक तारखेपर्यंत', आणि ती तारीख उलटून गेली होती.

मी बी. कॉम. केलं तेव्हा बँक रिकन्सिलिएशन शिकवायचे. आपल्या वहीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक जुळत नसेल, तर वर्षाची सगळी पानं चाळायची नाहीत. दोन्ही शिल्लक शेवटच्या जुळल्या ती तारीख शोधायची आणि तिच्या पुढच्याच नोंदी बघायच्या. इथे तर पेटीने ती तारीख स्वतःच लिहून ठेवली होती!

"पेटीचं राहू दे," मी म्हटलं. "या तारखेनंतर घरात काय बदललं ते सांगा."

कॅलेंडर काढलं. त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी घरचा जुना फोन बंद करून इंटरनेटवरून चालणारा स्वस्त फोन घेतला होता. भारतात बोलायला बरा पडतो म्हणून. कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही, कारण असं त्या काळी कितीतरी घरांत झालं. या फोनमध्ये आवाजाचे बारीक तुकडे करून, दाबून, इंटरनेटवरून पाठवतात. एखादा तुकडा वाटेत हरवला तरी आपला कान अंदाजाने भरून घेतो. मोडेमला अंदाज बांधता येत नाही. त्याला प्रत्येक सूर अगदी नेमका लागतो. म्हणून माणसांचं बोलणं स्वच्छ आणि पेटीचा कॉल मात्र दर रात्री तुटलेला.

म्हणजे पेटी ठणठणीत होती. तिची वाट बदलायला हवी होती. जावईबापूंनी यूएसबीचा अॅडॅप्टर आणला. लावला, पण त्यावरचा दिवा लागेना. टिवोच्या यादीत तर त्याच मॉडेलचं नाव होतं. मग अॅडॅप्टर उलटा करून भिंग घेऊन खालची चिकटपट्टी वाचली. बारीक अक्षरात आवृत्तीचा आकडा होता आणि तो यादीतल्यापेक्षा वेगळा. हा त्या वर्षांतला ठरलेला घोळ होता. अॅडॅप्टर बनवणारे नाव आणि खोकं तेच ठेवून आतली चिप बदलत. संगणकाला नव्या चिपची सीडी देता येते. पेटीला आपण काहीच देऊ शकत नाही, तिच्या सॉफ्टवेअरला जी चिप ओळखता येते तीच चालते. दुकानाने बदलून दिला. दुसरा लावताच हिरवा दिवा लागला, पेटीने निरोप घेतला, वेळापत्रक उतरलं. नवी पेटी घ्यायचे पैसे वाचले आणि रात्रीची सोबत परत आली.

पुढे वरच्या खोलीत दुसरी पेटी आली, आणि तिथे वायर नेणं कठीण म्हणून वायफाय. त्या काळच्या वायफायची एक अडचण आज विसरली गेली आहे. टिवोवर चालणाऱ्या सुरुवातीच्या वायरलेस अॅडॅप्टरना 'डब्ल्यूईपी' हे जुनंच कुलूप कळत होतं. ते कुलूप कच्चं आहे हे फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी २००१ मध्येच दाखवून दिलं होतं, आणि २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए' हे बरं कुलूप आलंही होतं. पण राउटरला नवं कुलूप लावलं की पेटी बाहेर राहायची. म्हणजे एका पेटीसाठी अख्ख्या घराला जुनं कुलूप ठेवायचं, की पेटी वायरवरच ठेवायची, हे घरातल्यांनी ठरवायचं. पुढच्या अॅडॅप्टर आणि सॉफ्टवेअरनी ही अडचण दूर केली, पण मधली काही वर्षं असंख्य घरं हे न कळत ठरवत होती.

दुसरा घोळ पत्त्यांचा. जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला एक आकड्यांचा पत्ता लागतो. जगभर पुरतील एवढे पत्ते नाहीत म्हणून १९९६ मध्ये काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले, जसे १९२.१६८ ने सुरू होणारे. प्रत्येक घरात तेच पत्ते, आपापल्या उंबऱ्याच्या आत. चाळीत प्रत्येक मजल्यावर 'खोली नंबर ४' असावी, तसं. हे पत्ते वाटायचं काम राउटर करतो, त्या पद्धतीचं नाव डीएचसीपी. राउटरकडून उत्तर आलं नाही तर कित्येक यंत्रं स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतात. हा आकडा दिसला की समजायचं, वायर किंवा वायफाय कदाचित जोडलेलं आहे, पण राउटरने पत्ता दिलेला नाही. पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही, आधी राउटर.

लेकीच्या घरी दोन्ही पेट्या कंपनीशी छान बोलत होत्या, पण एकमेकींना दिसत नव्हत्या. पत्ते लिहून काढले. एकीचा १९२.१६८.० ने सुरू होणारा, दुसरीचा १९२.१६८.१ ने. इंटरनेटवाल्याने बसवलेल्या मोडेममध्येच एक राउटर होता आणि त्याला जावईबापूंनी दुकानातून आणलेला दुसरा राउटर जोडला होता. दोन्ही पत्ते वाटत होते. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही वह्यांची तेरीज जुळत होती, पण वह्या दोन वेगळ्या पेढ्यांच्या होत्या! टिवोच्या पेट्या एकमेकींना शोधायला २१९० नंबरच्या खिडकीतून हाक मारतात आणि ती हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. दोन्ही पेट्या एकाच राउटरखाली आणल्या आणि काम झालं.

तेव्हा मी माझ्या वहीत पाच प्रश्न क्रमाने लिहून ठेवले. लेक आजही ते वापरते, आणि ते आपल्याकडच्या स्मार्ट टीव्हीलाही लागू पडतात.

पहिला: दिवा लागला आहे का? वायर, प्लग, अॅडॅप्टर. दुसरा: पत्ता मिळाला आहे का, आणि तो राउटरच्याच घरातला आहे का? तिसरा: राउटरला हाक ऐकू जाते का? या हाकेला 'पिंग' म्हणतात. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये तो छोटासा प्रोग्राम लिहिला, आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. चौथा: नावाचा आकडा होतो का? यंत्राला कंपनीच्या सर्व्हरचं नाव माहीत असतं, त्याचा आकडी पत्ता डीएनएस नावाच्या वहीतून शोधावा लागतो. पाचवा: एवढं सगळं होऊनही उत्तर नसेल, तर कंपनीचा सर्व्हरच बंद आहे का?

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पडद्यावर मात्र प्रत्येक वेळी एकच वाक्य येतं: 'जोडणी होऊ शकली नाही.' दोष पाच जागी असू शकतो आणि निरोप एकच. वेळ कमी असेल तर मधल्या, म्हणजे तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी. राउटरपर्यंत हाक जात असेल तर घरातलं सगळं ठीक, पुढे बघा. जात नसेल तर बाहेरच्या कुणाला फोन करून उपयोग नाही. ट्रायल बॅलन्स जुळेना की आम्ही आधी अर्ध्या खतावणीची बेरीज तपासायचो, त्यातलाच हा प्रकार. आणि सगळं बंद करून चालू करायचं झालं तर आधी मोडेम, मग राउटर, मग पेटी. पाणी वरच्या टाकीत आल्याशिवाय नळ सोडून काय मिळणार?

२००६ मध्येच नव्या पेट्यांना नेटवर्कच्या वायरचं भोक कारखान्यातूनच आलं, आणि अॅडॅप्टरच्या चिकटपट्ट्या वाचायचं काम संपलं. २०११ च्या एका पेटीत 'मोका' आलं. अमेरिकेतल्या घरांत खोल्याखोल्यांतून केबल टीव्हीची गोल वायर आधीच भिंतीत असते. तिच्यावरूनच टीव्हीच्या लहरींच्या वरच्या पट्ट्यात घरातलं जाळं चालवायचं, ही ती युक्ती. नवी वायर नको, वायफायची कटकट नको. पण नवी सोय नवा बिघाड घेऊनच येते. भिंतीतले जुने स्प्लिटर १००० मेगाहर्ट्झपर्यंतचेच असत आणि मोका चालतं ११२५ च्या वर. टीव्ही स्वच्छ दिसतो, जाळं मात्र तुटत राहतं. शिवाय घरात केबल शिरते तिथे फिल्टर नसेल तर आपल्या जाळ्याच्या लहरी शेजाऱ्यांच्या वायरीत जाऊ शकतात. २०१३ च्या 'रोमिओ' पेट्यांत वायफायही आतच आलं. फोन, यूएसबी, वायफाय, केबल. चौदा वर्षांत चार वाटा, आणि प्रत्येक वाटेची दुरुस्ती वेगळी.

वाट कुठलीही असो, ती दोन्ही बाजूंनी चालते, हेही लक्षात ठेवायला हवं. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या सुपर बोल सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सन यांच्या पोशाखावरून मोठा गदारोळ झाला. पाठोपाठ टिवोने जाहीर केलं की, लोकांनी तो क्षण सर्वांत जास्त वेळा मागे नेऊन पाहिला. आकडा एकत्रित होता, कुणाचं नाव नव्हतं. पण रात्री वेळापत्रक आणायला गेलेली पेटी परत येताना आणि जाताना दोन्ही वेळा पिशवी भरून नेते, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा उमगलं. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला तो वेळापत्रक उपग्रहावरूनच घ्यायचा. म्हणून आपल्यापैकी ज्यांनी तो वापरला, त्यांना घरातलं जाळं हा प्रकार रेकॉर्डरमुळे नव्हे, पुढे स्मार्ट टीव्हीमुळे भेटला.

आता त्या 'आयुष्यभरा'कडे. ब्रिटनमध्ये २००० साली आलेल्या टिवोच्या पहिल्या पेट्यांची सेवा १ जून २०११ ला बंद झाली. अमेरिकेतल्या पहिल्या पिढीच्या पेट्यांची २०१६ मध्ये. त्याच वर्षी टिवो रोवी या कंपनीने विकत घेतली आणि २०२० मध्ये ती एक्सपेरीत विलीन झाली. २०२५ मध्ये कंपनीने नवे रेकॉर्डर विकणंच थांबवलं. ज्यांची पेटी धडधाकट होती, वायर नीट होती, दिवा हिरवा होता, त्यांचाही त्या त्या दिवशीनंतरचा कॉल यशस्वी झाला नाही. माझ्या वहीतल्या पाच प्रश्नांपैकी चार आपल्या घरात सुटतात. पाचवा आपल्या हातात कधीच नव्हता.

मला यात कुणाची फसवणूक दिसत नाही. पण वस्तू विकत घेताना ती कुठल्या खात्यावर लिहायची हे आपल्याला कळायला हवं. व्हीसीआर ही मालमत्ता होती. तो बनवणारी कंपनी उद्या बुडाली तरी टेप चालत राहायची. रोज बाहेरून काहीतरी आणल्याशिवाय न चालणारी पेटी अर्धी मालमत्ता आणि अर्धी वर्गणी असते. दुकानात किंमत एकच लिहिलेली असते, पण नोंदी दोन करायच्या. आज घरात येणारा टीव्ही, दारावरची बेल, कॅमेरा, सगळं याच जातीचं आहे.

तेव्हा तुमच्या घरी असं काही असेल तर एक छोटी वही त्याच्याशेजारी ठेवा. राउटरचा पत्ता, वायफायचं नाव, यंत्राच्या खालच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल आणि आवृत्तीचा आकडा, आणि घरात फोन, मोडेम किंवा पासवर्ड बदलला की त्या दिवशीची तारीख. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नका, तो कपाटात ठेवा. पुढच्या वेळी पडद्यावर 'जोडणी होऊ शकली नाही' असं आलं की मुलाला किंवा सुनेला फोन लावायच्या आधी ती वही उघडा आणि शेवटचं कधी नीट चाललं होतं ते बघा. बहुतेक वेळा उत्तर त्याच्या पुढच्याच ओळीत सापडेल.